आपत्कालीन दाराशेजारची सीट

४ मार्च

भिंगरीस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची माझी सवय तुला माहीत आहे. आज तो हातून उतरत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. फोन करून पाहिला, तू उचलत नाहीस. उचललास तरी मध्येच ठेवून देशील. पत्राचं बरं असतं, ते बोलणाऱ्याला मध्येच तोडत नाही.

मंगळवारी तू मला विमानातून उतरवलंस. माझ्या कामासाठी मी निघाले होते. त्या गावाला सरळ जाणारं विमान तुमच्याच कंपनीचं, म्हणून त्याचं तिकीट काढलं. तू नेमकी त्याच विमानावर असशील हे मला ठाऊक नव्हतं, नाहीतर बैलगाडीने गेले असते.

तुमची कंपनी माणसाला पहिल्या पावलापासून जागा दाखवते. दारावरच्या पोरीने माझी बॅग एका लोखंडी चौकटीत घालून बघितली. बॅग बसली, मूठ बोटभर वर राहिली. त्या बोटभराचे पैसे भरून घेतले. मग खुर्च्या नसलेल्या खोलीत रांग. मग बस. ती विमानापाशी जाऊन उन्हात दारं लावून उभी. आत माणसं एकमेकांच्या खांद्याला टेकून, घाम पुसायला हात वर घेता येईना. मग शिडी. शिडीच्या वरच्या टोकाला तू, अंबाड्यातला एक केस हलू न देणारी, गळ्यात तो नारिंगी रुमाल. नर्सिंगचं शिक्षण अर्धवट टाकून तू निघून गेलीस त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तुझं तोंड पाहिलं नव्हतं. तू मला बघितलंस, आणि चेहऱ्यावरचं हसू चिकटवल्यासारखं तसंच राहिलं. "स्वागत आहे मॅडम. बोर्डिंग पास?"

मी मनात म्हटलं, ड्यूटीवर आहे. मेट्रन असताना राउंडवर मीही नातेवाइकांशी बोलत नसे. गुपचूप आत गेले.

माझी जागा पार मागे, दोघांच्या मध्ये. तिथे गुडघे पुढच्या खुर्चीच्या पाठीला टेकतात, आणि आपल्या खुर्चीची पाठ मागे जातच नाही. अशा ठिकाणी माणूस बसवत नाहीत, कोंबतात. पंखाजवळच्या एका रांगेत पाय पसरायला जागा होती आणि ती रांग रिकामी होती. मी तिथे बसले. कुणाच्या मांडीवर नाही बसले.

तर तू आलीस आणि सगळ्या विमानाला ऐकू जाईल असं विचारलंस, गुडघ्यांना त्रास आहे का. मी नाही म्हटलं. त्यावर तू काय म्हणालीस? "तुम्ही शिडी आडव्या पावलाने चढलात मॅडम, मी पाहिलंय." मागे कुणीतरी हसलं. मग तुझी वरिष्ठ बाई आली. तिने तुला विचारलं, ह्या तुझ्या ओळखीच्या आहेत का.

तू म्हणालीस, "नाही."

तुझी आई गेल्यावर तुला माझ्या ओटीत टाकून तुझा बाप नोकरीच्या गावी गेला. तेव्हापासून तुझ्या वेण्या घातल्या त्या ह्या ओळख नसलेल्या बाईने. पुढे दोन माणसं आली, त्यांनी मला दंडांना धरून उचललं आणि शिडीवरून खाली आणलं. लोक फोन वर धरून बघत होते. माझ्या वॉर्डात मेलेल्या माणसालाही मी ह्याहून अदबीने हलवलेलं आहे.

तुझी आत्या (असं अजून लिहावं लागतं)


११ मार्च

आत्या,

तुमचं पत्र मिळालं. फाडलं नाही. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की मधलं एखादं पान गळलं असावं.

गळलेलं मी सांगते. त्या रांगेत आपत्कालीन दार आहे. काही झालं तर तिथे बसणाऱ्याने ते जड झाकण उचलून बाहेर टाकायचं असतं आणि गुडघा छातीपर्यंत घेऊन पंखावर पाऊल टाकायचं असतं. तो अडला तर मागचे सगळे अडले. तिथे पाय पसरायला जागा ठेवलीय ती लाड म्हणून नव्हे. मी पहिल्यांदा तुमच्या कानाशी वाकून, हळू विचारलं होतं. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "ए मुली, तुझ्या वरच्या माणसाला बोलव. ट्रे उचलणाऱ्या पोरींशी मी वाद घालत नाही." हे तुमच्या पत्रात नाही. तिसऱ्यांदा मी मोठ्याने विचारलं, हे मात्र आहे.

मग वरिष्ठ बाईंनी मला विचारलं, ह्या तुझ्या ओळखीच्या का? नाही म्हणाले. पुन्हा विचारलं तरी नाहीच म्हणेन. ए मुली म्हणणाऱ्या बाईशी माझी ओळख नाही.

ट्रेबद्दल. हो, उचलते. पाणीसुद्धा विकते, कपातल्या शेवया विकते, अत्तराच्या बाटल्या विकते. लोक उतरले की पुढचे चढायच्या आत सीटच्या खाचांतली बिस्किटं, लहान मुलांचे लंगोट, कुणी पिशवीत ओकलेलं, सगळं आम्हीच काढतो, ह्याच अंबाड्यात आणि ह्याच रुमालात. बेडपॅन उचलणं हे पुण्याचं काम आहे असं तुम्ही मला शिकवलंत. तीच घाण जमिनीपासून वर उचलली की हलकी होते का? मी नर्सिंग सोडलं कारण मला रोज कुणाचं तरी मरण बघवेना. ते मी तुमच्यासमोर रडत सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, नाटकं बंद कर.

आणि एक. विमानाचं दार लागल्याशिवाय आमची हजेरी लागत नाही. तुम्ही न उठता बसून राहिलात तो सगळा वेळ आम्ही फुकट उभ्या होतो. त्या एका उशिराने दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या मागे पडल्या. शेवटच्या फेरीत एका माणसाने माझ्या अंगावर रिकामा कप फेकला. तो तुमच्या नावावर धरा.

कुठे निघाला होतात, हेही तुम्ही लिहिलं नाहीत.

भाची


१६ मार्च

भिंगरीस,

बोलायला लागल्यापासून मला अगं-तुगं करत आलीस. आता अहो-जाहो. बरं आहे, निदान काय ते कळलं.

कुठे निघाले होते ते तुला सांगायला तू माझी कोण? ते तूच ठरवलंस, चारचौघांत.

तुमच्या कंपनीकडे मी रीतसर लेखी तक्रार केली आहे. वयस्क प्रवाशाला सर्वांसमोर अपमानित करून, बळाने उतरवल्याची. तुझ्या छातीवर नावाची पट्टी होती, ते नाव दिलं. नातं लिहिलं नाही. ओळख नसलेल्या माणसाचं काय नातं लिहायचं?

आत्या


२ एप्रिल

आत्या,

मला विमानावरून काढलंय. चौकशी होईपर्यंत तळघरातल्या एका खोलीत बसून हरवलेल्या बॅगांना चिठ्ठ्या बांधते. खिडकी नाही. वरून विमानं जातात तेव्हा टेबलावरचा चहा हलतो.

तू हे मुद्दाम केलंस. मी नर्सिंग सोडलं तेव्हाच तुला माझी मान खाली गेलेली बघायची होती. दोन वर्षं तू वाट बघितलीस, आणि मी ह्या कामात पडले नाही, पाय रोवून उभी राहिले, हे तुला सोसलं नाही. मग उचललं पेन. तुला अपमानाचं एवढं वाटतं ना? वॉर्डात तू शिकाऊ नर्सांना रोग्यांसमोर काय काय बोलायचीस ते मी ऐकलेलं आहे. एका मुलीला तू चादरीची घडी चुकली म्हणून सगळ्या खाटांसमोर पुन्हा पुन्हा घालायला लावलीस. ती स्वच्छतागृहात जाऊन उलटी करून आली. तिने कुठे तक्रार करायची होती?

तू हट्टी आहेस आत्या. आयुष्यभर तू एका जागेवर बसलीस आणि सगळ्यांनी तुझ्याभोवती फिरावं असं धरून चाललीस. त्या दिवशीही तेच. सगळं विमान खोळंबलं, पण तू उठली नाहीस. तुझ्यापेक्षा दगड बरा, तो निदान ढकलला तर हलतो.

मला पत्र पाठवू नकोस.


८ एप्रिल

भिंगरीस,

पाठवते. तुझ्या हुकमाने चालायला मी अजून तुझी पेशंट झाले नाही.

तुला विमानावरून काढा असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. त्यांनी माफी मागावी एवढंच लिहिलं होतं. तुमच्या कंपनीला माफी मागण्यापेक्षा पोरीला तळघरात बसवणं स्वस्त पडलं असेल. स्वस्ताचीच कंपनी ती.

चादरीच्या घडीबद्दल म्हणशील, तर त्या मुलीने घडी चुकवली तेव्हा चादरीत सुई राहिली होती. पुढच्या रोग्याला ती टोचली असती. हे तुला तिने सांगितलं नसणार. मी तिला बोलले, आणि आजही बोलेन.

दगड म्हणालीस. चालेल. पण एक लक्षात घे. एकदा बसल्यावर उठणं दर वेळी माणसाच्या हातात असतंच असं नाही. हे तुला कळायचं वय अजून यायचं आहे.

तुझ्या खोलीला खिडकी नाही हे वाईट आहे. ते मी तुमच्या साहेबांना कळवेन.

आत्या


२३ एप्रिल

आत्या,

काही कळवू नकोस. तुझ्या कळवण्यानेच मी इथे आले.

तुझं ते वाक्य मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरत होते. उठणं हातात नसतं म्हणजे काय? वाटलं, नेहमीचं तुझं तत्त्वज्ञान. काल चौकशी झाली आणि त्याचा अर्थ मला एका हमालाकडून कळला.

टेबलापलीकडे चौकशीची बाई आणि कंपनीचा वकील, अलीकडे मी. तुला खाली आणणाऱ्या दोघांपैकी एकाला बोलावलं होतं. एरवी तो सामान चढवतो. त्याला विचारलं, बाई किती विरोध करत होत्या. तो म्हणाला, "विरोध कसला? बाईंचा डावा पाय वाकला होता तो वाकलेलाच राहिला होता. सरळ होईना. उचलल्यावर त्यांनी दात आवळले, पण तोंडातून हूं काढलं नाही. मी खाली आल्यावर म्हटलं, आजी, बोलायचं की. तर म्हणाल्या, मला आजी म्हणू नकोस."

म्हणजे तुला उठता येत नव्हतं. गुडघा अडकला होता. त्या मागच्या जागेवर तू बसलीच नाहीस, कारण तिथे पाय वाकवला तर तो सुटायचा नाही ह्याची तुला भीती होती. आणि आम्ही सगळ्या तुझ्या डोक्यावर उभ्या राहून उठा, उठा म्हणत होतो.

हे कळल्यावर मला वाईट वाटलं असं तुला वाटत असेल. मला राग आला. इतका राग मला तुझ्या तक्रारीचाही आला नव्हता. अगं, एक वाक्य. पाय अडकलाय. एवढं माझ्या कानात म्हणाली असतीस, तर मी चाकाची खुर्ची मागवली असती, पुढच्या रांगेत पाय लांब करून बसवलं असतं, विमान थांबवलं असतं, आणि कुणी विचारलं असतं तर ही माझी आत्या म्हणून सांगितलं असतं. तुला ते एक वाक्य जड झालं. त्यापेक्षा परक्या माणसांनी पोत्यासारखं उचललेलं चाललं. त्यापेक्षा माझी नोकरी जायची वेळ आलेली चालली.

मला दोन प्रश्न विचारले. प्रवाशाला त्रास आहे हे माहीत होतं का? मी म्हटलं, त्यांना चढताना पाहिलं म्हणून शंका आली, तीनदा विचारलं, त्यांनी नाकारलं. ह्या तुमच्या कोणी लागतात का? मी म्हटलं, माझी आत्या. तिने मला वाढवलं. त्या दिवशी मी नाही म्हणाले, ते खोटं होतं.

खोट्यासाठी मला लेखी ताकीद मिळाली. बाकी सगळ्यातून सुटले. सोमवारपासून पुन्हा विमानावर. तुझी तक्रार फेटाळली, कारण तू दाराजवळ बसून तब्येतीबद्दल खोटं बोललीस. वर्षभर तुला आमच्या विमानात बसता येणार नाही. तसं पत्र तुला येईल. मी तुला वाचवायला गेले नाही. जे झालं ते सांगितलं.

भिंगरी


३० एप्रिल

भिंगरीस,

कंपनीचं पत्र आलं. भाषा उद्धट आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका आहेत.

तू जे सांगितलंस ते बरोबर सांगितलंस. माझ्या हाताखालच्या एखाद्या नर्सने नात्यासाठी रिपोर्टमध्ये फिरवाफिरव केली असती, तर मी तिला त्या दिवशी घरी पाठवलं असतं. ह्याला कौतुक समजू नकोस.

का बोलले नाही ते विचारतेस. जन्मभर मी खाटांवरून एकच वाक्य ऐकत आले, सिस्टर, मला उठता येत नाही. धिप्पाड माणसं ते म्हणायची आणि म्हणता म्हणता रडायची. मी त्यांना उठवायचे. ते वाक्य माझ्याकडे यायचं, माझ्याकडून कधी जायचं नाही. आणि गेलंच असतं, तर कुणाकडे? माझ्यासमोर उभी राहून जिने नुकतंच नाही म्हटलं होतं, तिच्याकडे? तू म्हणतेस, कानात सांगायचं. तुझा कान तेव्हा माझा नव्हता.

आता कुठे निघाले होते ते सांगते, कारण लपवायला काही उरलं नाही. त्या गावचा हाडांचा सर्जन माझ्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टर होता. मीच त्याला टाके घालायला शिकवलं, त्याचे हात थरथरायचे. गुडघे बदलायचे तर त्याच्याकडूनच, असं मी ठरवलं होतं. विमानाचं तर तुम्ही बघितलंत. मग रेल्वेने गेले. पाय आखडून जाण्याचा तो प्रवास मी शत्रूलाही सांगणार नाही. डावा गुडघा बदलून झाला. हात आता थरथरत नाहीत त्याचे.

परवा गाडीने घरी आणून सोडलं. स्वयंपाकाला बाई येते, दिवसभर असते, संध्याकाळी जाते. व्यायाम शिकवायला एक मुलगा येतो, त्याला काही येत नाही. माझं चाललंय.

तू येऊ नकोस. शेजारच्या काकूंकडे किल्ली असते हे तुला माहीत आहे, म्हणून त्यांना सांगून ठेवलंय की तुला द्यायची नाही.

आत्या


१४ मे

आत्या,

हे टेबलावर ठेवून जाते. तू झोपली आहेस आणि मला निघायचं आहे. तोंडी बोलायचं तर आठवडाभरात आपण बोललो नाही, तेव्हा हेच बरं.

काकूंनी मला आधी सांगितलं की तू किल्ली द्यायला मनाई केली आहेस. सांगून झाल्यावर किल्ली दिली.

आठवडाभर तू स्वयंपाकाच्या बाईंमार्फत माझ्याशी बोललीस. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी, आणि तू त्यांना म्हणणार, तिला सांगा पंखा कमी कर. त्या माझ्याकडे बघायच्या, मी पंखा कमी करायचे. मीही त्यांनाच सांगायचे, त्यांना म्हणावं गोळी घ्या. त्या बाई काल मला म्हणाल्या, तुमच्याकडे पगार वाढवून घ्यायला हवा, दुभाष्याचा वेगळा.

व्यायामाच्या मुलाला तू तिसऱ्या दिवशी हाकलून दिलंस. त्याने पाय वाकवायला लावला म्हणून. मग वाकवणार कोण? मी दारात उभी राहून बघत होते. तुला वाटलं मी हसतेय. हसत नव्हते.

आज सकाळी बाई अजून यायच्या होत्या. मी स्वयंपाकघरात होते. आतून आवाज आला. आधी वाटलं तू फोनवर बोलतेयस. मग पुन्हा आला.

"भिंगरे, मला उठता येत नाही गं."

मी आले. तू न्हाणीघराच्या उंबऱ्याशी खाली बसली होतीस, वॉकर बाजूला आडवा, आणि भिंतीकडे तोंड. तूच शिकवल्याप्रमाणे काखेतून हात घातला, तुझं वजन माझ्या कमरेवर घेतलं, तुला उजव्या पायावर जोर द्यायला सांगितलं. तू म्हणालीस, घाई करू नकोस. मी म्हटलं, करत नाही. मग आपण दोघी किती वेळ तशाच उभ्या होतो. मग तू म्हणालीस, माझा श्वास कोंडतोय, सोड आता. मी पलंगावर बसवल्यावरच सोडलं.

टाक्यांची जागा उघडलेली नाही, बघितलंय. सर्जनना फोन केला होता, ते म्हणाले सूज उतरेपर्यंत बर्फ. बर्फ डब्यात आहे. संध्याकाळच्या गोळ्या पेल्याखाली ठेवल्या आहेत. दुपारच्या विमानावर ड्यूटी आहे.

मी काही विसरलेले नाही. हरवलेल्या बॅगांची ती खोली अजून स्वप्नात येते.

भिंगरी


२० मे

भिंगरीस,

दुधाचं भांडं तू वरच्या फळीवर ठेवून गेलीस. माझा हात तिथे पोचत नाही. वॉकरही उलट्या बाजूला लावलास. रोग्याच्या चांगल्या पायाच्या बाजूला ठेवायचा असतो, एवढं तरी नर्सिंगला असताना शिकली होतीस.

त्या सकाळचं मोठं करू नकोस. घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून हाक मारली. स्वयंपाकाची बाई आली असती तर तिला मारली असती. तिला उचलता आलं नसतं, ते वेगळं. तू बरोबर उचललंस. डावा हात जरा खाली हवा होता.

तू विसरली नाहीस तशी मीही विसरले नाही. त्या दिवशीचं तुझं नाही मला अजून ऐकू येतं, आणि तुला ते कळावं असं वाटतं, म्हणून लिहिते. तुला बोलावून, समोर बसवून, झालं गेलं म्हणायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. तुझ्याच्यानेही होऊ नये. खोटं वाटेल.

व्यायामाच्या मुलाला पुन्हा बोलावलंय. आता पाय बराच वाकतो. काल गॅलरीपर्यंत गेले आणि तिथे उभी राहिले. वरून तुमचं नारिंगी शेपटीचं एक विमान गेलं. उशिराच होतं.

उजवा गुडघा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात करू म्हणतात. नक्की दिवस कळला की लिहीन. रजेचा अर्ज मात्र आत्ताच टाकून ठेव, तुमच्याकडे ऐन वेळी कुणी रजा देत नाही.

आत्या